खेळाडू पाहिजेत, भुताची सोय आहे!

मेसच्या दारातल्या नोटीस बोर्डावर, 'ताटात अन्न टाकू नये' या सूचनेच्या बरोब्बर खाली, गेल्या महिन्यात एक कागद चिकटवलेला तुम्ही पाहिला असेल. 'खेळाडू पाहिजेत. दर शनिवारी रात्री. मैदानाची गरज नाही.' तो कागद माझा. तीन दिवसांत त्याला आलेला प्रतिसाद असा : एकाने खाली पेनाने 'क्रिकेट का?' असं लिहिलं, दुसऱ्याने त्याच्याखाली 'नाही, लंगडी' असं लिहिलं, मेसच्या काकांनी 'पत्ते असतील तर सरांना सांगीन' असा दम भरला, आणि खुद्द रेक्टर सरांनी ऑफिसात बोलावून विचारलं, "यात पैसे लागतात का रे?"

सरांचा प्रश्न रास्तच होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, आणि त्याआधी आपल्याच विंगेत कोणाकोणाचं मेस बिल त्यात गेलं ते सरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. तर सर, नाही. यात पैसे लावत नाहीत. यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही. म्हणून तर समजावून सांगायला इतकं अवघड जातं!

तरी प्रयत्न करतो. एक जण सूत्रधार असतो. बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मंत्र जाणणारा. सूत्रधार सांगतो, "तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे आहात. दार आतून उघडलं गेलं, पण दारामागे कोणीच नाही. काय करता?" मग प्रत्येकजण आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगतो. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगच्या गुणाचा आकडा मिळवायचा, आणि ठरलेल्या आकड्याएवढी बेरीज झाली की जमलं. प्रत्येक बाजू पडण्याची शक्यता पाच टक्के. प्रोबॅबिलिटीचं जे प्रकरण मला एम-थ्रीच्या दोन अटेम्प्टमध्ये कळलं नाही ते इथे एका रात्रीत कळलं, हे मी मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी काढला. तेव्हा टेबलाभोवती बसून खेळायचे, अजूनही खेळतात. पण २०१२ मध्ये 'रोल ट्वेंटी' आलं, २०१५ मध्ये 'डिस्कॉर्ड' आलं, आणि नकाशा, फासे, आवाज सगळं स्क्रीनवर आलं. आमच्या गेल्या वर्षीच्या खेळात एक जण नागपूरला इंटर्नशिपवर होता आणि आपले एक सीनियर एम.एस.साठी जर्मनीत. आपले साडेनऊ म्हणजे थंडीत त्यांचे पाच. शिवाय मुलींच्या हॉस्टेलचं गेट रात्री बंद होतं, त्यामुळे दोनशे मीटरवरचं ते हॉस्टेल आणि स्टुटगार्ट, दोन्ही आमच्या खेळाच्या दृष्टीने सारख्याच अंतरावर!

आता भुताकडे येतो.

मला जो खेळ चालवायचा आहे तो भयकथेचा आहे. त्यातही 'गॉथिक' म्हणतात त्या जातीचा. म्हणजे अंगावर धावून येणारं भूत कमी आणि जुना वाडा, जुनं पाप, बंद खोली, घराण्याला लागलेला शाप जास्त. इंग्रजीत याची सुरुवात होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो'पासून धरतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी उशाशी ठेवून रात्री बाथरूमला जायला घाबरलेली एक अख्खी पिढी आपल्या घरात आहे. माझी आई त्यातलीच. २०१८ चा 'तुंबाड' आपण कॉमन रूममध्ये लावला होता तेव्हा वाडा, पाऊस आणि हाव एवढ्यावर सगळे दोन तास गप्प बसले होते, आणि आपलं पब्लिक दोन तास गप्प बसणं ही काय चीज आहे ते सांगायला नको.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. १८१६ चा उन्हाळा युरोपात उन्हाळ्यासारखा आलाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याची ही करणी. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी एका बंगल्यात पाच जण पावसामुळे अडकून पडले. बायरन, शेली, मेरी (ती अजून अठराची होती), तिची सावत्र बहीण क्लेअर आणि बायरनचा डॉक्टर पोलिडोरी. कंटाळून बायरन म्हणाला, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' आली (१८१८) आणि पोलिडोरीची 'द व्हँपायर' (१८१९). ड्रॅक्युला पुढे १८९७ मध्ये आला. गंमत बघा, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जिथून निघाला त्या अमेरिकेतल्या गावाचं नावही लेक जिनिव्हाच! योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण बाहेर धो धो पाऊस, आत पाच रिकामटेकडी माणसं आणि 'चल, घाबरवू एकमेकांना', हे चित्र जुलैतल्या आपल्या विंगेपेक्षा फार वेगळं नाही.

तर माझ्या खेळाचं नाव 'कर्स ऑफ स्ट्राड'. हे पुस्तक २०१६ चं, पण मूळ खेळ १९८३ चा, नाव 'रेव्हनलॉफ्ट', लिहिणारे ट्रेसी आणि लॉरा हिकमन हे नवरा-बायको. ट्रेसी हिकमन दुसऱ्याच कोणाच्या तरी खेळात होते, तिथे भुयारात वाटेत अचानक एक व्हँपायर लागला. त्यांना प्रश्न पडला की हा इथे करतोय काय? त्याचं घर कुठे, त्याचं दुःख काय, तो असा का झाला? त्या प्रश्नातून काउंट स्ट्राड हे पात्र झालं. बरोव्हिया नावाची दरी, सभोवती धुकं. धुक्यात शिरलं की फिरून तिथेच. कोणी बाहेर जाऊ शकत नाही, स्ट्राडसुद्धा. एक म्हातारी पत्ते मांडून भविष्य सांगते, आणि ज्या वस्तूंनी स्ट्राडला हरवता येईल त्या कुठे आहेत ते त्या पत्त्यांवर ठरतं. पत्ते पिसले की उत्तर बदलतं, त्यामुळे सीनियरकडून 'सोल्यूशन' आणून चालत नाही.

एवढं चांगलं साहित्य हातात असूनही गेल्या वर्षी मी चालवलेला खेळ पाचव्या शनिवारी बंद पडला. लोकांना मी 'सबमिशन आलं म्हणून' असं सांगत आलो. ते खोटं आहे.

खरं असं की मी खेळाडू जमवले तेच चुकीच्या पद्धतीने. ग्रुपवर टाकलं, 'भारी हॉरर गेम आहे, कोण येतंय?' अकरा जणांनी अंगठा दाखवला, सहा जण आले. कोणाला काय आवडतं, कशाची भीती बघायची आहे, कशाची नको, हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, भीतीचा खेळ आहे, आधी सांगितलं तर मजा काय राहिली?

मूळ पुस्तकात व्हिस्तानी नावाचे भटके लोक आहेत. रंगीत गाड्यांमधून फिरणारे, धुक्यातून ये-जा करू शकणारे, नजर लावणारे, त्यातले काही स्ट्राडचे हस्तक. चौथ्या शनिवारी ते आले. मला वाटलं, आपल्या पब्लिकला जवळचं वाटेल असं काहीतरी करावं. म्हणून मी त्यांना थेट माळावरच्या पालांवर आणून बसवलं. कोंबड्या चोरणारे, कमरेला सुरी, पोरं पळवणारे. आवाज काढून बोललो. आवाज मला बरा काढता येतो. सगळे हसले. एक सोडून.

त्याला इथे सोलापूरकर म्हणतो, विंगेत सगळे तेच म्हणतात. त्याचा माइक म्यूट झाला तो त्या रात्री परत चालू झाला नाही. पुढच्या शनिवारी त्याचा मेसेज आला, 'नेट नाही.' नेट होतं. आम्ही एकाच राउटरवर आहोत! तो नसल्यावर खेळ रंगेना, आणि मग खरंच सबमिशन आलं.

दोन महिन्यांनी व्हायवा संपवून टपरीवर बसलो होतो तेव्हा तो स्वतःहून बोलला. चिडून नाही, अगदी सावकाश. त्याचे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले. तारेच्या कुंपणाच्या आत. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास. स्वातंत्र्य आलं तरी तो कायदा लगेच गेला नाही, ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. त्याच्या घरी हा दिवस पाळतात. तो म्हणाला, "तुझ्या त्या धुक्यातून बाहेर जाता येत नाही ना, ते मला लगेच कळलं होतं. मस्त वाटत होतं उलट. पण नंतर तू जे लोक आणलेस, ते मला पाचवीपासून ऐकवलेलं आहे. फर्स्ट इयरला विंगेतून हेडफोन गेला तेव्हा कोणाकडे बघून हसले होते आठवतंय? तू पण हसला होतास."

मला आठवत होतं.

मी पुढे जे बोललो ते इथे लिहीत नाही, कारण ते 'अरे मला तसं म्हणायचं नव्हतं' याच छापाचं होतं आणि त्याचा काही उपयोग नसतो.

नंतर शोधाशोध केली तेव्हा कळलं की हा घोळ माझा एकट्याचा नाही. व्हिस्तानी हे युरोपातल्या रोमा लोकांविषयीच्या जुन्या समजुतींवरून उचललेले आहेत. चोर, दारुडे, नजर लावणारे, फसवे. रोमा वाचकांनी आणि इतरांनीही यावर बोट ठेवलं, आणि २०२० मध्ये प्रकाशकांनी ते जाहीरपणे मान्य करून पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत मजकूर बदलला. म्हणजे मी जेव्हा आवाज काढून दाखवत होतो तेव्हा मूळवाल्यांनी ती चूक काढून टाकून बरीच वर्षं झाली होती. माझ्याकडे जुनी पीडीएफ होती. (कुठून आली ते विचारू नका.)

आता मुद्द्याचं. काही मित्रांचं म्हणणं असं की हे जरा अतीच होतंय, हॉरर आहे, कोणाला ना कोणाला टोचणारच, आधी सगळं विचारत बसलास तर तो खेळ राहील की बँकेचा फॉर्म? मला हे पटत नाही. जत्रेतल्या पाळण्यात बसायला आपण स्वतः तिकीट काढतो. पाळणा किती उंच आहे ते खालून दिसत असतं. तरी वर गेल्यावर पोटात गोळा येतोच ना? उंची आधी दिसली म्हणून भीती कमी झाली असं कोणी म्हणत नाही. उलट न विचारता कोणाला उचलून पाळण्यात टाकलं तर त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, आणि महाराष्ट्रात त्यावर १९९९ पासून कायदा आहे. तो कायदा काय म्हणतो ते आपण ॲडमिशनच्या वेळी प्रतिज्ञापत्रावर सही करून आलेलो आहोत. सही सगळ्यांनी केली, वाचलं किती जणांनी ते सोडा.

मी असं म्हणत नाही की माझा चौथा शनिवार म्हणजे रॅगिंग होतं. पण रात्री अंधारात ज्युनियरला भुताच्या गोष्टी सांगणं आणि 'इंट्रो' घेणं यांत फरक कशाचा? दोन्हीकडे अंधार असतो, दोन्हीकडे एक जण घाबरतो आणि बाकीचे हसतात. फरक एवढाच की गोष्ट ऐकणारा उठून जाऊ शकतो. आणि सोलापूरकरला उठून जायला 'नेट नाही' असं खोटं बोलावं लागलं. म्हणजे मी चालवलेल्या खेळात दार नव्हतं. धुकंच होतं.

हे प्रश्न खेळणाऱ्या लोकांनी आधीच सोडवून ठेवले आहेत, मी फक्त उशिरा शिकलो. पहिल्या दिवशी खेळायचंच नाही, नुसतं बोलायचं. त्याला 'सेशन झीरो' म्हणतात. त्यात प्रत्येकाने सांगायचं की कोणती गोष्ट खेळात अजिबात नको, आणि कोणती असली तरी पडद्याआड असू दे. माझ्या यादीत लहान मुलांना इजा पडद्याआड. आमच्या जर्मनीवाल्या सीनियरच्या यादीत हॉस्पिटल अजिबात नको. का ते मी विचारलं नाही, आणि विचारायचं नसतं हाच नियम आहे. दुसरी युक्ती 'एक्स कार्ड', जॉन स्टाव्ह्रोपोलस या अमेरिकन माणसाची. टेबलावर एक्स लिहिलेला कागद ठेवायचा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. कारण द्यावं लागत नाही. ऑनलाइन खेळताना चॅटमध्ये नुसतं 'एक्स' टाइप करायचं. याला दहा सेकंद लागतात. आपल्या राउटरला परत कनेक्ट व्हायला याहून जास्त लागतात.

अर्थात अजूनही सगळं सुटत नाही. सोलापूरकरने पहिल्याच दिवशी यादीत काय लिहिलं असतं? 'मला आमच्या लोकांची टिंगल नको' असं पाच जणांसमोर लिहिणं म्हणजे आपण कोण ते सांगणं. ॲडमिशनच्या यादीत नावापुढे कॅटेगरी छापून येतेच, पण ती छापून येणं वेगळं आणि स्वतः तोंडाने सांगावी लागणं वेगळं. म्हणून मला वाटतं, सगळं खेळाडूवर ढकलून भागत नाही. काही प्रश्न सूत्रधाराने स्वतःलाच आधी विचारायला हवेत. माझ्या गोष्टीत भीती वाटावी म्हणून मी कोणाला उभं केलंय? तसा माणूस समोर बसला असेल तर मी हाच आवाज काढीन का? वाड्यातला काउंट स्वतःच्या सख्ख्या भावाचा खून करून बसलेला आहे. पुस्तकात खरा राक्षस तोच आहे, सरदार, जमीनदार, किल्ल्याचा मालक. तो सोडून मी भीती शोधायला पालांवर का गेलो? सोपं होतं म्हणून. हसू लगेच येतं म्हणून.

खेळाडू निवडण्याबद्दलही माझं मत बदललं आहे. 'अनुभव आहे का' हे विचारण्यात अर्थ नाही. गेल्या वेळी ज्याला सगळे नियम पाठ होते त्याने प्रत्येक फाशाला वाद घातला, आणि जिने हा खेळ कधी पाहिलाही नव्हता त्या मेकॅनिकलच्या मुलीने रिकाम्या कबरीसमोर उभं राहून असा एक प्रश्न विचारला की मलाच रात्री झोप लागली नाही. विचारायचं ते हे : शनिवार मोकळा आहे का? दुसरा बोलत असताना थांबता येतं का? आपलं पात्र मेलं तर पुढच्या आठवड्यात नवं घेऊन याल का? स्ट्राडचा खेळ लांबतो, महिनोन्महिने चालतो, आणि तो स्ट्राडमुळे बंद पडत नाही. 'आज नाही जमणार यार' मुळे बंद पडतो.

रेक्टर सरांना एक विनंती. शनिवारी वाय-फाय अकराऐवजी साडेबाराला बंद केलं तर बरं होईल. आवाजाची तक्रार येणार नाही, आम्ही कुजबुजतच बोलतो, खेळच तसा आहे. वॉचमनकाकांना मी एकदा बाजूला बसवून दाखवला आहे. त्यांनी अर्ध्या तासाने विचारलं, "मग तो काउंट अजून मेला नाही?" आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं.

नवा कागद उद्या बोर्डावर लागेल. चार जागा. शनिवारी साडेनऊ ते बारा, खेळ मराठीत, इयरफोन लागेल, फासे लागणार नाहीत, पैसे लागणार नाहीत. भीती कशाकशाची आहे ते खाली लिहिलं आहे : बंद घर, रक्त, मेलेली माणसं परत येणं, कोणावर विश्वास ठेवावा ते न कळणं. काय नाही तेही लिहिलं आहे. पहिला शनिवार फक्त बोलण्याचा. यायचं नसेल तर कारण सांगायची गरज नाही, मध्येच सोडायचं असेल तरीही नाही.

कागदाचा कच्चा मजकूर मी सोलापूरकरला दाखवला. त्याने दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, 'भारी' हा शब्द खोडला आणि कागद परत दिला. खेळणार का, असं मी विचारलं नाही. जागा मात्र चार लिहिल्या आहेत, मला पाच जण चालतात.